वजनकाट्यापाशी



पोटासाठी मी तीसएक वर्षं एका पतसंस्थेत कारकुनी केली आणि उरलेल्या वेळात मराठीतून कविता लिहिल्या. नाव मुसलमानाचं आणि कविता मराठी, त्यामुळे माझ्या कवितेपेक्षा मलाच मागणी जास्त. कुठे दगडफेक झाली, दोन दिवस संचारबंदी लागली, की साधारण पंधरा दिवसांनी माझा फोन वाजतो. सद्भावना कविसंमेलन, एकात्मता मेळावा, सर्वधर्म स्नेहसंमेलन. व्यासपीठावर एका बाजूला कीर्तनकार बुवा, दुसऱ्या बाजूला मौलानासाहेब आणि मधल्या खुर्चीवर मी. शाल, श्रीफळ, फोटो. मी कविता म्हणतो, लोक टाळ्या वाजवतात, कधी एखाद्याच्या डोळ्यांत पाणीही येतं.

त्या संयोजकांची मी चेष्टा करत नाही. निदान ते दार ठोठावतात तरी. पण शेवटच्या एसटीने परत येताना मला दर वेळी एकच विचार छळतो. आज एकमेकांच्या गळ्यात हार घालणाऱ्या या माणसांचं उद्या सकाळी एकमेकांशी काय काम आहे? काही कामच नसेल, तर ती पुन्हा भेटणार कधी? पुढच्या दंगलीनंतर?

आकाशवाणीकडून विषय आला, 'उद्योग, सेवाभावी संस्था आणि शांतता'. मी म्हटलं, "साहेब, मी बी.ए. मराठी. यासाठी अर्थतज्ज्ञ बोलवा." ते म्हणाले, "अर्थतज्ज्ञ मागच्या आठवड्यात बोलून गेले. आता तुम्ही बोला." तेव्हा आकडेशास्त्र कमी आणि पाहिलेलं-वाचलेलं जास्त, अशा तऱ्हेने बोलतो.

मी भिवंडीचा. यंत्रमागाच्या खटखटाटात वाढलो. आमचा खेळ असा होता, की एका गाळ्यात किती माग चालू आहेत हे बाहेर उभं राहून आवाजावरून ओळखायचं. अब्बांचे सहा माग होते, गाळा भाड्याचा. सूत शेठचं, माग आमचे, आणि विणकर तेलुगू पद्मशाली. त्यांना अब्बा 'अण्णा' म्हणायचे. अम्मी घरी बसून कांड्या भरायची. म्हणजे एका ताग्यामध्ये किती जातींचे, किती धर्मांचे हात असायचे पाहा. शहरात कुणी व्याख्याते आले, की ते हेच उदाहरण देत. ताणा हिंदू आणि बाणा मुसलमान, वगैरे. ऐकायला गोड वाटायचं.

मे १९८४ मध्ये ते सगळं जळलं. भिवंडी, ठाणे, मुंबई या पट्ट्यात अडीचशेहून अधिक माणसं गेली. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. आम्हा मुलांना महाडजवळ मामूंकडे पाठवलं होतं. महिन्याने परतलो तेव्हा आमच्या गाळ्यात मागांचे लोखंडी सांगाडे तेवढे काळे पडून उभे होते. लाकूड आणि सूत यांची राख झाली होती. शेठचं गोदामही जळलं होतं. कुणी जाळलं, कुणाचं आधी जाळलं, यावर लोक अजून वाद घालतात. मी घालत नाही.

दीडेक महिन्याने शेठ स्वतः रिक्षाने आले. गाळ्याच्या दारात उभे राहिले. मी अब्बांच्या मागे उभा होतो.

"भाई, किती माग चालतील?"

"दोन. तिसरा महिन्याभरात उभा करतो."

"सूत पाठवतो."

बस. एवढंच बोलणं. कुणी कुणाला मिठी मारली नाही. पण दुसऱ्या दिवशी सुताची हातगाडी आली, अण्णा कामावर आले आणि आमच्या गल्लीत पहिला खटखटाट सुरू झाला. त्या आवाजाने आम्हाला जो धीर दिला तो पुढे झालेल्या कुठल्याच शांतता सभेने दिला नाही.

इथे गोष्ट थांबवली असती तर ती मेळाव्यात सांगण्यासारखी झाली असती. पण मी पुढे कारकून झालो, हिशेब वाचायला शिकलो. त्या रात्री जळालेलं सूत शेठच्या वहीत अब्बांच्या नावावर उधार म्हणून लिहिलेलं होतं. पुढची सहा वर्षं ते मजुरीतून कापलं जात होतं. किती कापायचं, मीटरला मजुरी काय धरायची, सगळं शेठ ठरवायचे. शेठ दुष्ट नव्हते. त्यांचंही नुकसान झालं होतं, आणि ते कुणाच्या तरी माथी मारल्याशिवाय तेही उभे राहू शकत नव्हते. पण अब्बांना कधी वही पाहायला मिळाली नाही, आणि अण्णांच्या मजुरीची वही अब्बांनी त्यांना कधी दाखवली नाही. एकमेकांची गरज होती, म्हणून सगळे एकत्र आले. कुणाचा कुणावर विश्वास मात्र बसला नाही. ताणा-बाणाच्या त्या गोड उदाहरणात ही वही कुणीच मोजत नाही.

पुढे १९८८ नंतर सुरेश खोपडे आमच्याकडे पोलीस उपायुक्त असताना मोहल्ला कमिट्या निघाल्या. दोन्ही समाजांची माणसं नेमाने एका सतरंजीवर बसू लागली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. हे ज्यांनी जवळून पाहिलं त्यांना त्याची किंमत ठाऊक आहे. त्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय, म्हणून मी आज दुसऱ्याच एका ठिकाणाबद्दल बोलणार आहे. ते ठिकाण फार लांबचं आहे, आणि तिथे मी कधी गेलेलो नाही.

माझी भाची लंडनला नर्स आहे. काही वर्षांपूर्वी ती सुट्टीवर आली तेव्हा तिने कॉफीचं पाकीट आणलं. "मामू, रोज तोच चहा पिता, ही पिऊन बघा." पाकिटावर देशाचं नाव होतं, रवांडा. माझ्या डोक्यात रवांडा म्हटलं की वर्तमानपत्रातले १९९४ चे फोटो यायचे. कवट्यांच्या रांगा. त्या मातीत पिकलेली वस्तू लंडनच्या दुकानातून भिवंडीच्या स्वयंपाकघरात आलेली पाहून मला जरा विचित्र वाटलं. मग वाचत गेलो. पाकीट संपलं तरी वाचन संपलं नाही.

रवांडा मध्य आफ्रिकेतला लहानसा, डोंगराळ देश. महाराष्ट्राचे बारा तुकडे केले तर त्यातल्या एकाएवढा. हुतू आणि तुत्सी हे तिथले दोन मोठे समाज. आपल्याला वाटतं, दंगल म्हणजे दोन धर्म किंवा दोन भाषा हव्यात. तिथे दोघांची भाषा एक, बहुतेकांचा धर्म एक, टेकडी एक, विहीर एक. बेल्जियमच्या राजवटीने १९३० च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर जात छापली आणि ती छापील रेघ पुढे साठ वर्षं खोल होत गेली. १९९४ च्या एप्रिल ते जुलैमध्ये, शंभरेक दिवसांत, सुमारे आठ लाख माणसं मारली गेली. बहुतेक तुत्सी, आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेले हुतूही. मारणारे पुष्कळदा शेजारीच होते.

यात कॉफीचा संबंध असा. तिथे कॉफीचे मोठे मळेवाले नाहीत. लाखो लहान शेतकरी, प्रत्येकाची घराभोवती शे-दोनशे झाडं. बेल्जियनांनी ती सक्तीने लावायला लावली होती. देशाला परदेशी पैसा मिळायचा तो मुख्यतः त्यातूनच. १९८९ मध्ये कॉफीचे भाव सावरून धरणारा आंतरराष्ट्रीय करार मोडला आणि भाव जवळजवळ निम्म्यावर आले. पुढच्याच वर्षी देशात यादवी सुरू झाली. आता, भाव पडला म्हणून नरसंहार झाला असं कुणी म्हणू नये. कट रचणारे काही उपाशी नव्हते. पण ज्याच्या शेतात काही उरलेलं नाही आणि ज्याच्या हाताला काम नाही, अशा तरुणाच्या हातात कोयता देणं सोपं जातं. हे सांगायला रवांडाच लागतं असं नाही.

नरसंहारानंतरचा प्रश्न मला जास्त अवघड वाटतो. मेलेल्यांच्या विधवा आणि मारणाऱ्यांच्या बायका, दोघी त्याच टेकडीवर राहिल्या. लाखाहून अधिक माणसं तुरुंगात होती. गावोगावची 'गचाचा' न्यायालयं २०१२ पर्यंत खटले चालवत राहिली. पण न्यायालयाचा दिवस संपल्यावर दुसऱ्या दिवशी पाणी भरायला त्याच वाटेने जायचं होतं.

देशाच्या दक्षिणेला बुतारे शहराजवळ मराबा नावाचा भाग आहे. तिथल्या काही शेतकऱ्यांनी १९९९ मध्ये सहकारी संस्था काढली. तिचं नाव उच्चारायला कठीण आहे, अबाहुझामुगाम्बी. अर्थ साधारण असा, की एका उद्दिष्टासाठी एकत्र काम करणारे. सुरुवातीला दोन-अडीचशे सभासद. त्यांत विधवा होत्या, आणि ज्यांचे नवरे तुरुंगात होते अशाही बाया होत्या. हाताशी काय? तर कॉफीची म्हातारी झाडं आणि घरटी एक दगड.

हा दगड कशाला, ते सांगायला हवं. कॉफीचं फळ लाल चेरीसारखं असतं. तोडल्यावर त्याच दिवशी गर काढून बी धुतली नाही तर ती आंबते आणि चव जाते. तिथले शेतकरी घरीच दगडाने फळ चेचायचे, मिळेल त्या पाण्यात बी धुवायचे, अंगणात वाळवायचे. मग गावात दलाल यायचा. तो सांगेल तो भाव आणि तो दाखवेल ते वजन. मापात पाप ही आपली म्हण तिथल्या भाषेत आहे की नाही मला ठाऊक नाही, पण अनुभव नक्की होता. चांगली धुतलेली कॉफी त्या देशात जवळपास होतच नव्हती, त्यामुळे जगाच्या बाजारात रवांडाचा माल म्हणजे सर्वांत हलका.

संस्थेने बुतारेच्या विद्यापीठाकडे मदत मागितली. तिथे अमेरिकन सरकारच्या मदतनिधीवर एक प्रकल्प सुरू होत होता. 'पर्ल' असं त्याचं नाव. अमेरिकेतली मिशिगन स्टेट आणि टेक्सास ए अँड एम ही दोन विद्यापीठं त्यात होती आणि टिम शिलिंग नावाचे कृषितज्ज्ञ तो चालवत होते. २००१ मध्ये मराब्यात कॉफी धुण्याचं केंद्र उभं राहिलं. गर काढायचं यंत्र, डोंगरावरून आणलेलं स्वच्छ पाणी, सिमेंटच्या टाक्या, वाळवायला जाळीची उंच टेबलं. यात अणुविज्ञान काही नव्हतं. आपल्याकडच्या एखाद्या मध्यम काजू कारखान्याला लागतं त्याहून कमीच सामान.

एवढ्यावर काम थांबलं असतं तर ते केंद्र दोन वर्षांत बंद पडलं असतं. आपल्याकडे नाही का, अनुदानातून शिलाई यंत्रं वाटतात, उद्घाटन होतं, आणि वर्षभराने ती माळ्यावर जातात? शिवलेलं विकायचं कुठे याचा विचार कुणी केलेला नसतो. मराब्यात तो झाला. अमेरिकेतल्या लुइझियानाच्या कम्युनिटी कॉफी या कंपनीने २००२ मध्ये त्यांचा माल घेतला. २००३ मध्ये लंडनच्या युनियन या कॉफी भाजणाऱ्या कंपनीने तो सेन्सबरीजच्या दुकानांत नेला. व्यापारी स्वतः मराब्यात आले, चव घेतली, नापास माल नापास म्हणून सांगितला. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कीव करून घेतलेली वस्तू लोक एकदाच घेतात. मराब्याची कॉफी लोकांनी दुसऱ्या वर्षी पुन्हा घेतली, कारण ती चांगली होती.

बाजार कंपनीने आणला, आणि चांगला माल म्हणजे काय हे तिने निष्ठुरपणे सांगितलं. विद्यापीठाने शास्त्र आणलं, चव ओळखायला तिथल्याच तरुण मुलामुलींना शिकवलं, आणि सुरुवातीचा तोटा सोसला. तो तोटा कुठलीही कंपनी सोसणार नव्हती. पण दोघांच्या मधे शेतकऱ्यांची स्वतःची संस्था होती. ती नसती तर मराब्याचीही आमच्या गाळ्यासारखी गोष्ट झाली असती. सूत शेठचं आणि वहीही शेठची.

त्या केंद्रांची जी वर्णनं मी वाचली त्यात माझं मन सारखं वजनकाट्यापाशी घुटमळतं. सकाळी फळं तोडायची, संध्याकाळच्या आत डोक्यावर टोपली घेऊन नाही तर सायकल ढकलत केंद्रावर यायचं. पुढे तर टॉम रिची नावाच्या अमेरिकन सायकल बनवणाऱ्याने खास या कामासाठी मागे लांब कॅरियर असलेली सायकल तयार केली. केंद्रावर रांग. काटा सगळ्यांसमोर. जितके किलो भरले तितके सगळ्यांना दिसतात, भाव सगळ्यांना एकच. हंगाम संपल्यावर विक्रीतून उरलेल्या पैशातून दुसरी रक्कम. आपल्या ऊस उत्पादकांना हे वेगळं समजावून सांगायला नको, त्यांचा दुसरा हप्ता तसाच असतो. फक्त तिथे रांगेत पुढे उभा असलेला माणूस कोण आहे, हे मागच्याला ठाऊक असतं. १९९४ च्या एप्रिलमध्ये तो कुठे होता हेही.

आणि मग ती लांब टेबलं. त्यांच्या दोन्ही बाजूंना बाया उभ्या राहतात आणि ओल्या बियांमधून फुटकी, किडकी, काळी बी वेचून काढतात. तास न् तास. आपल्या बाया तांदूळ निवडतात तसंच. दोघी समोरासमोर, मधे हातभर जागा. तिथल्या कॉफीत एक दोष येतो. कपातून कच्च्या बटाट्यासारखा वास येतो. थोड्याशा बिया तशा निघाल्या तरी भांडंभर कॉफी वाया जाते, आणि नुसत्या डोळ्यांनी ती बी ओळखणं कठीण. एकाच्या शेतात कीड असेल, एकीने निवडताना हयगय केली, तर सगळ्यांचा भाव पडतो. त्यामुळे समोरची काय करतेय याकडे लक्ष ठेवावं लागतं, आणि लक्ष ठेवता ठेवता बोलावं लागतं. आधी फक्त बियांबद्दल. पुढचं मी कल्पनेने सांगू शकतो, पण सांगत नाही.

जुटा टोबायस आणि कॅरोल बुद्रो या दोन संशोधक बायांनी केंद्रांवर काम करणाऱ्यांशी बोलून २०११ मध्ये एक निबंध लिहिला. ज्यांची आर्थिक स्थिती आपल्याला सुधारल्यासारखी वाटत होती, आणि ज्यांचा दुसऱ्या समाजाच्या लोकांशी कामात संबंध येत होता, त्यांच्यात दुसऱ्या समाजाबद्दलचा अविश्वास कमी आढळला. यावर माझ्यातल्या कारकुनाने लगेच शंका काढली. जी माणसं अशा कामाला तयार झाली ती मुळातच थोडी निवळलेली असतील का? असतीलही. अशा पाहणीतून कार्यकारण सिद्ध होत नाही. पण मी कविसंमेलनाच्या श्रोत्यांची अशी पाहणी केलेली नाही, तेव्हा जास्त बोलायला मला तोंड नाही.

मराब्याचे सभासद काही वर्षांत दोन हजारांच्या आसपास गेले. देशात अशी केंद्रं शंभराच्या वर झाली. २००८ मध्ये 'कप ऑफ एक्सलन्स' ही कॉफीच्या चवीची मोठी स्पर्धा आफ्रिकेत पहिल्यांदा भरली ती रवांडात.

आता मी काय लपवलं असं तुम्ही विचारायच्या आत सांगतो. या केंद्रांमधली पुष्कळ कर्जात गेली. काही ठिकाणी कारभार बिघडला. सहकारी संस्था म्हटली की हे होणारच, आपण महाराष्ट्रातली माणसं त्यावर काय बोलणार! जागतिक भाव पडला की उत्तम कॉफीवाल्यालाही झळ लागते. आणि त्या देशात सरकारविरुद्ध मोकळेपणी बोलता येत नाही, जातीबद्दल तर नाहीच, त्यामुळे माणसं खरंच निवळली की गप्प झाली, हे बाहेरून कळणं अवघड. देशात शांतता असली तरी सीमेपलीकडे काँगोमध्ये जानेवारी २०२५ मध्ये एम-२३ नावाच्या बंडखोरांनी गोमा शहर घेतलं, आणि त्या बंडखोरांना रवांडाच्या सैन्याचं पाठबळ असल्याचं संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी नोंदवलं आहे. कॉफीने हे थांबलं नाही. टेबलावर एकमेकींसमोर उभ्या राहणाऱ्या दोन बायांच्या हातात जेवढं आहे, तेवढ्याचाच हा हिशेब आहे.

२००६ मध्ये बांगलादेशच्या मुहम्मद युनूस यांना आणि ग्रामीण बँकेला नोबेल मिळालं तेव्हा आमच्या पतसंस्थेत वाद झाला होता. बँकेला अर्थशास्त्राचं मिळायला हवं, शांततेचं कसं? नोबेल समितीचं म्हणणं असं होतं, की मोठ्या समूहांना गरिबीतून बाहेर पडायची वाट सापडल्याशिवाय टिकाऊ शांतता येत नाही. आमच्या मॅनेजरसाहेबांना ते पटलं नाही. मला पटलं होतं. पण पुढे चारच वर्षांनी आंध्र प्रदेशात काय झालं तेही पाहिलं. सेवा म्हणून सुरू झालेलं बचत गटांचं कर्जवाटप नफ्याच्या कंपन्यांकडे गेलं. एकेका बाईच्या डोक्यावर चार-चार कर्जं, आणि वसुलीचा जाच. आत्महत्यांच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबर २०१० मध्ये तिथल्या सरकारला वटहुकूम काढावा लागला. आमच्या भिवंडीतल्या पद्मशाली घरांचे नातेवाईक तिकडे आहेत, त्यामुळे ते दुःख आमच्या गल्लीपर्यंत आलं होतं. तिथेही गट होते, कंपनी होती, सेवेची भाषा होती. पण बाईच्या हातात पावती होती आणि वही दुसरीकडेच होती.

म्हणून कुणी मला 'उद्योग आणि संस्था यांची भागीदारी' असं मोठ्या आवाजात सांगू लागलं, की मी हळूच विचारतो, हिशेब कुठे लिहिता? भिंतीवर की कपाटात?

थोडं घरचं सांगतो आणि संपवतो. आमच्या भागात कापडाच्या चिंध्यांना तोटा नाही. ठाण्याच्या एका सेवाभावी संस्थेने चार शिलाई यंत्रं दिली आणि शिकवायला एक बाई पाठवल्या. दोन गल्ल्यांतल्या अकरा बाया तयार झाल्या. सहा आमच्याकडच्या, पाच पलीकडच्या. निवृत्त झाल्यावर मला घरचे कंटाळले होते, तेव्हा हिशेबाला मी. एका दुकानदाराने तीनशे कापडी पिशव्यांची ऑर्डर दिली. आम्ही पाठवल्या. त्यांतल्या चौऱ्याऐंशी परत आल्या. पट्ट्याची शिवण उसवत होती.

त्या दिवशी मला सद्भावना म्हणजे काय हे नव्याने कळलं. अकराच्या अकरा जणी एकमेकींवर तुटून पडल्या. तुमच्याकडच्यांनी घाई केली. तुमच्याकडच्या लक्षच देत नाहीत. दोन मिनिटांत भांडण पट्ट्यावरून जातीवर गेलं आणि जुनी नावं, जुनी वर्षं निघाली. शिकवणाऱ्या बाई रडकुंडीला आल्या. मी कवी असून मला एक शब्द सुचला नाही. शेवटी वयाने सर्वांत मोठ्या असलेल्या मावशींनी परत आलेला गठ्ठा जमिनीवर ओतला आणि म्हणाल्या, "आधी मोजा, कुणाच्या किती." मोजल्या. सगळ्यांच्या होत्या. कुणाच्या दहा, कुणाच्या पाच. एक पिशवी खुद्द मावशींची निघाली.

तेव्हापासून रीत अशी, की आपली पिशवी आपण तपासायची नाही. समोरच्या गल्लीतलीने तपासायची आणि आत खडूने खूण करायची. भिंतीवर एक काळा फळा लावला आहे. कुणी किती शिवल्या, किती परत आल्या, दुकानदाराने किती दिले, धाग्याला किती गेले, रिक्षाला किती, सगळं त्यावर. मराठीत लिहितो, खाली उर्दूत आकडे. माझे चार कवितासंग्रह निघाले, पण त्या फळ्याइतकं बारकाईने माझं कुणी काही वाचलेलं नाही. गेल्या महिन्यात मी सात रुपये चुकलो, तर तिघींनी तीन बाजूंनी धरलं.

दुकानदार काही धर्मात्मा नाही. तो भाव पाडून मागतो, आम्ही वाढवून सांगतो. दुसऱ्या खेपेला चारशे घेतल्या. नऊ परत आल्या.

परवा पुन्हा एका मेळाव्याचं आमंत्रण आलं. मी संयोजकांना म्हटलं, "येतो. पण पाहुण्यांना शाली देता, त्याऐवजी आमच्या पिशव्या घ्याल का? साठ रुपयाला एक. पंचवीस घ्या, रीतसर पावती देऊ." ते जरा घुटमळले. म्हणाले, "कमिटीला विचारून कळवतो."

अजून फोन आलेला नाही. पिशव्या बांधून ठेवल्या आहेत.